कांडवेलीचा अर्क आणि न होणारे ऑस्टिओक्लास्ट: चूक नेमकी कुठे?

कांडवेल (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

कांडवेल, म्हणजे आपली हाडसांधी, हिच्या अल्कोहोलमधल्या अर्काने हाडं कुरतडणाऱ्या पेशी, अर्थात ऑस्टिओक्लास्ट, तयार होणं थांबतं का, हे तपासायचं आहे. पण मुळात कंट्रोलमध्येच ऑस्टिओक्लास्ट धड होत नाहीत. पद्धत अशी:

रॉ २६४.७ पेशी (उंदराच्या मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशींसारखी, प्रयोगशाळेत वाढवली जाणारी ओळ), पॅसेज २२, म्हणजे बावीस वेळा नव्या भांड्यात पसरलेल्या. मीडिया (पोषक द्रव) डीएमईएम, १० टक्के एफबीएस (वासराचं सीरम), ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. पेशी ०.२५ टक्के ट्रिप्सिनने सोडवते. २४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलला १ लाख पेशी, रँकल (ऑस्टिओक्लास्ट व्हायचा इशारा देणारं प्रथिन) ५० नॅनोग्रॅम प्रति मिली, एम-सीएसएफ (पूर्वज पेशींना जगवणारं प्रथिन) नाही. मीडिया तिसऱ्या दिवशी बदलते. सातव्या दिवशी ट्रॅपचा रंग (ऑस्टिओक्लास्टमधल्या एन्झाइममुळे पेशी गुलाबी होतात).

मिळतं काय, तर पेशींचा गच्च थर आणि त्यात तुरळक गुलाबी पेशी, त्याही एकाच केंद्रकाच्या. १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली अर्क घातलेल्या वेलमध्ये तर एकही गुलाबी पेशी नाही. एमटीटी (जिवंत पेशी जांभळा रंग देतात ती चाचणी) २४ तासांनी केली, ९० टक्के पेशी जिवंत. म्हणजे अर्क काम करतोय असं धरावं का? की पेशीच बदलाव्यात? एम-सीएसएफ घालायला हवं का?

---

पिपेटमास्तर

अर्काचं नंतर बघू. ज्या प्रयोगात कंट्रोल चालत नाही, त्यात 'अर्काने थांबलं' या वाक्याला अर्थ नाही. जे झालंच नाही ते थांबणार कसं?

पहिली चूक गर्दीची. २४ वेलच्या प्लेटमधली एक वेल साधारण १.९ चौरस सेंटिमीटरची. त्यात १ लाख रॉ पेशी म्हणजे पहिल्याच दिवशी बाजार भरला. या पेशी झपाट्याने वाढतात आणि रँकलचा परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. तोवर थर गच्च होतो, मीडिया पिवळा पडतो आणि पेशी एकमेकींत मिसळण्याऐवजी नुसत्या दाटतात. वेलला १५ ते ३० हजारांनी सुरुवात करा. एकाच प्लेटवर १०, २०, ३० आणि ४० हजार लावून बघितलंत तर एका आठवड्यात उत्तर मिळेल. ९६ वेलच्या प्लेटमध्ये हेच २ ते ५ हजार.

दुसरी चूक पॅसेजची. रॉ ही एकसारख्या पेशींची ओळ नाहीच, तिच्या पोटात अनेक उपजाती नांदतात. जास्त वेगाने वाढणाऱ्या पेशी दर पॅसेजला पुढे सरकतात आणि ऑस्टिओक्लास्ट होण्याची क्षमता असलेल्या मागे पडतात. बावीसच्या पेशी टाकून द्या आणि गोठवलेल्या साठ्यातली सुरुवातीच्या पॅसेजची कुपी काढा. दहा-बाराच्या पुढे या कामासाठी वापरू नका. ट्रिप्सिनही सोडा. रॉ पेशी स्क्रेपरने हलक्या हाताने खरवडून काढतात, आणि फ्लास्क ७० टक्के भरला की लगेच. थर पूर्ण भरू दिलात तर त्या पेशी पुढे नीट वागत नाहीत.

तिसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: डीएमईएम. त्यात बायकार्बोनेट लिटरला ३.७ ग्रॅम असतं, जे मुळात १० टक्के कार्बन डायऑक्साइडसाठी ठरवलेलं आहे. ५ टक्क्यांच्या इन्क्युबेटरमध्ये तो मीडिया अल्कधर्मी राहतो. अल्फा-एमईएममध्ये २.२ ग्रॅम, तो ५ टक्क्यांना ७.४ च्या आसपास बसतो. म्हणून ऑस्टिओक्लास्टवाले बहुतेक अल्फा-एमईएमच घेतात. सीरमचे दोन-तीन लॉट मागवून, फक्त ऑस्टिओक्लास्टची संख्या मोजून एक निवडा आणि त्याच लॉटच्या बाटल्या वर्षभरासाठी राखून ठेवा. एका लॉटमध्ये वेलला २०० आणि दुसऱ्यात २० असा फरक पडला तरी आश्चर्य वाटायला नको.

रँकलबद्दल: कुपीतली पावडर ०.१ टक्के बीएसए (प्रथिन) असलेल्या पीबीएसमध्ये (खारट बफरमध्ये) विरघळवून छोट्या वाट्यांत उणे ८० ला ठेवा. एकदा वितळलेली वाटी पुन्हा गोठवायची नाही. हिस-टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेलं शेपूट) असलेल्या काही उत्पादनांबरोबर टॅगविरोधी अँटीबॉडी घालून रेणू एकत्र बांधावे लागतात. कंपनीचा कागद वाचल्याशिवाय '५० नॅनोग्रॅम' या आकड्याला किंमत नाही. नवीन लॉट आला की २५, ५०, १०० असं बघून घ्या.

रॉ पेशींना बाहेरून एम-सीएसएफ लागत नाही, त्या स्वतःपुरतं बनवतात. पण निष्कर्ष छापायचा असेल तर उंदराच्या मज्जेतल्या पेशींवरही दाखवावं लागेल, आणि तिथे एम-सीएसएफशिवाय पान हलत नाही.

---

जुनी_जर्नलं

एम-सीएसएफ का लागतं याचं उत्तर इतिहासात आहे. तो माहीत असला की प्रयोग आखताना फायदा होतो, म्हणून थोडं सविस्तर.

ऑस्टिओक्लास्ट हा शब्द १८७३ मध्ये कोलिकरने दिला, पण पुढची शंभर वर्षं या पेशी येतात कुठून यावरच वाद. १९७० च्या दशकात वॉकरने हाडं दगडासारखी घट्ट झालेल्या उंदरांचं रक्ताभिसरण निरोगी उंदरांशी जोडलं, तर आजारी हाडं सुधारली. पुढे प्लीहेतल्या आणि मज्जेतल्या पेशी देऊनही तेच झालं. म्हणजे या पेशींचे पूर्वज रक्तातून येतात, हाडातून नव्हे.

त्यानंतरचं मोठं काम तोक्योच्या शोवा विद्यापीठातल्या तात्सुओ सुदा यांच्या गटाचं. १९८८ मध्ये ताकाहाशी, सुदा आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या प्लीहेतल्या पेशी हाड घडवणाऱ्या ऑस्टिओब्लास्टबरोबर एकाच थाळीत वाढवल्या, ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप घातलं, आणि थाळीत खरेखुरे ऑस्टिओक्लास्ट तयार झाले. मेख अशी की दोन्ही पेशींमध्ये पातळ पडदा ठेवला तर काहीच होत नव्हतं. म्हणजे इशारा मीडियात सुटत नव्हता, तो ऑस्टिओब्लास्टच्या अंगावर चिकटलेला होता. हाड घडवणारीच पेशी हाड मोडणारीला जन्म द्यायला लावते, हे तेव्हा पचायला अवघड होतं.

तो चिकटलेला रेणू सापडायला दहा वर्षं गेली. दरम्यान १९९० मध्ये कळलं की ऑप/ऑप जातीच्या उंदरांत ऑस्टिओक्लास्ट जवळपास नसतात, कारण त्यांचं एम-सीएसएफचं जनुक बिघडलेलं असतं. १९९७ मध्ये ॲमजेन या अमेरिकी औषध कंपनीच्या गटाने ऑस्टिओप्रोटेजेरिन, म्हणजे ओपीजी, जाहीर केलं. ते जास्त बनवणाऱ्या उंदरांची हाडं घट्ट होत गेली. १९९८ मध्ये ओपीजी ज्याला पकडून ठेवतं तो रेणू ॲमजेनने आणि जपानमध्ये यासुदा व सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे ओळखला. तोच रँकल. (अवांतर: यासुदांचा गट स्नो ब्रँड मिल्क प्रॉडक्ट्स या दूध कंपनीच्या संशोधन विभागातला. डेअरीवाल्यांनी हाडाची किल्ली शोधली!)

तर हिशोब असा: एम-सीएसएफ पूर्वज पेशींना जगवतं, वाढवतं आणि त्यांच्यावर रँकलचा ग्राहक रेणू (रिसेप्टर) आणतं. रँकल त्यांना ऑस्टिओक्लास्टच्या वाटेला लावतं. तुमचा अर्क या दोहोंपैकी कशाच्या आड येतो, हे वेगळं काढलं नाही तर 'ऑस्टिओक्लास्ट कमी झाले' हे वाक्य अर्धवटच राहतं.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-विज्ञान संस्थेतल्या मोहन वाणी यांच्या गटाचं २००३ चं काम बघा. त्यांनी दाखवलं की इंटरल्युकिन-३ (पेशींमधला निरोप्या रेणू) थेट पूर्वज पेशींवर काम करतं, त्यांना मॅक्रोफेजच्या वाटेला वळवतं, आणि हा बदल उलट फिरत नाही. 'थेट', 'कोणत्या टप्प्यावर' आणि 'परत फिरतं का' या तीन प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत. अर्कालाही हेच तीन प्रश्न विचारा.

---

रंगारी

ट्रॅप आणि एमटीटीबद्दल लिहितो, कारण या दोन्हींत फसवणूक जास्त होते.

सातवा दिवस उशिराचा आहे. रॉ असो की मज्जेतल्या, चांगल्या चाललेल्या प्लेटमध्ये चौथ्या-पाचव्या दिवशी मोठ्या, धिरड्यासारख्या पसरलेल्या पेशी दिसतात आणि पुढच्या एक-दोन दिवसांत मरतात. त्या जागी गोल मोकळे चट्टे उरतात. चट्टे दिसत असतील तर तुमच्याकडे ऑस्टिओक्लास्ट झाले होते, तुम्ही ते हुकवलेत. तिसऱ्या दिवसापासून दिवसातून दोनदा मायक्रोस्कोपखाली बघा आणि कंट्रोलमध्ये सगळ्यांत जास्त दिसतील तेव्हा सगळी प्लेट एकदम थांबवा. बारा तासांनी आकडे बदलतात.

फिक्सिंग: ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड, १० मिनिटं, बस. रात्रभर ठेवलंत तर एन्झाइमच मरतं आणि रंग येत नाही. विकतच्या किटमध्ये सिट्रेट, ॲसिटोन आणि फॉर्माल्डिहाइडचं मिश्रण सांगितलेलं असतं. ते काचेच्या स्लाइडसाठी ठीक, पण ॲसिटोन प्लास्टिकची प्लेट धूसर करतं, मग फोटोत सगळं धुक्यात. रंगाचं द्रावण ३७ अंशांना आधी गरम करून घ्या, पीएच ५ च्या आसपास, टार्ट्रेट ५० मिलिमोलर, आणि १५ मिनिटांनंतर दर पाच मिनिटांनी बघत राहा. फार वेळ ठेवलं की साध्या मॅक्रोफेजही गुलाबी व्हायला लागतात.

मोजायच्या फक्त तीन किंवा जास्त केंद्रकं असलेल्या गुलाबी पेशी. केंद्रकं नीट दिसण्यासाठी डीएपीआय किंवा हिमाटॉक्सिलिन. आणि नुसती संख्या देऊ नका, क्षेत्रफळही द्या. कधी संख्या तीच राहते पण पेशी लहान होतात. तो पेशी एकत्र येण्यातला दोष असतो, आणि तो संख्येत दिसत नाही.

आता एमटीटी. तुमचं संवर्धन सात दिवसांचं आणि विषारीपणाची चाचणी २४ तासांची. हे जमत नाही. अर्क तितके दिवस अंगावर असताना काय होतं ते बघायला हवं. त्यातून वनस्पतींतले फिनॉल एमटीटीला पेशींशिवायच जांभळं करतात, म्हणजे मेलेल्या पेशीही ९० टक्के 'जिवंत' दिसू शकतात. एक वेल पेशींशिवाय, फक्त मीडिया, अर्क आणि एमटीटी अशी लावा. ती जांभळी झाली तर तुमचा ९० टक्क्यांचा आकडा सोडून द्या आणि क्रिस्टल व्हायोलेट किंवा सरळ डीएपीआयने केंद्रकं मोजा. आणि लक्षात घ्या, पेशी मेल्या नाहीत, नुसत्या कमी वाढल्या, तरी गर्दी कमी पडते आणि एकत्र येणं आपोआप घटतं. 'ऑस्टिओक्लास्टविरोधी' म्हणून छापलेल्या अनेक अर्कांचं पाणी इथेच कळतं.

अर्कातली तिसरी गोम एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातलं एलपीएस. वनस्पतीवर जिवाणू असतातच, आणि त्यांचं एलपीएस फिल्टरमधूनही जातं आणि ऑटोक्लेव्हमधूनही टिकतं. एलपीएस रँकलच्या आधी किंवा बरोबर घातलं तर ऑस्टिओक्लास्ट होऊ देत नाही. उलट रँकल एक-दोन दिवस मिळालेल्या पेशींना ते पुढे ढकलतं. म्हणजे तुमचा 'गुणकारी अर्क' निव्वळ घाण असू शकतो. एलएएल चाचणी (एंडोटॉक्सिन मोजणारी) करा, आणि अर्काबरोबर एलपीएसला बांधणारं पॉलिमिक्सिन बी १० मायक्रोग्रॅम प्रति मिली अशी एक वेगळी ओळ लावा. काचेची भांडी २५० अंशांना ३० मिनिटं कोरडी तापवून घ्या. डीएमएसओ (द्रावक) शेवटी ०.१ टक्क्याच्या वर नको, आणि कंट्रोलमध्ये तेवढंच हवं.

---

वाचनमात्र

इतक्या तांत्रिक धाग्यात एक साधा प्रश्न. घरात आईला डेनोसुमॅबचं इंजेक्शन सुचवलंय. ते याच रँकलवर काम करतं ना? आणि ऑस्टिओक्लास्टची संख्या कमी करायची की त्यांचं काम थांबवायचं, हा फरक रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे का?

---

जुनी_जर्नलं

हो, डेनोसुमॅब ही रँकलला पकडणारी अँटीबॉडी, म्हणजे ओपीजीच्याच वाटेने जाणारं औषध. अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळाली. मात्रा ६० मिलिग्रॅम, दर सहा महिन्यांनी कातडीखाली. साडेसात हजारांहून जास्त स्त्रियांवरच्या तीन वर्षांच्या चाचणीत मणक्याचे नवे फ्रॅक्चर ६८ टक्क्यांनी आणि खुब्याचे ४० टक्क्यांनी कमी झाले होते.

फरक फार महत्त्वाचा आहे. डेनोसुमॅब नव्या ऑस्टिओक्लास्ट होऊ देत नाही आणि असलेल्यांना जगू देत नाही, पण हाडात साठत नाही. बिस्फॉस्फोनेट ही दुसरी औषधं हाडाला चिकटतात, पेशी ते खाते आणि आतून लुळी पडते. म्हणून त्यांचा परिणाम औषध थांबवल्यावरही रेंगाळतो, डेनोसुमॅबचा मात्र संपला की संपला. इतकंच नव्हे, थांबवल्यावर हाड झिजण्याचा वेग काही काळ पहिल्यापेक्षाही वाढतो आणि एकाच वेळी अनेक मणके दबू शकतात. २०२१ मध्ये सिडनीच्या गार्व्हन संस्थेच्या गटाने जिवंत उंदरांच्या हाडात दाखवलं की ऑस्टिओक्लास्ट नेहमी मरतातच असं नाही. त्या फुटून लहान पेशी होतात आणि पुन्हा एकत्र येतात. या पेशींना त्यांनी ऑस्टिओमॉर्फ म्हटलं. औषध उतरल्यावरच्या उसळीचं एक कारण त्यात असू शकतं. आईंच्या बाबतीत व्यवहाराची गोष्ट एकच: सहा महिन्यांची तारीख चुकवू नका, आणि बंद करायचं असेल तर पुढे कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टरांशी आधी ठरवा.

तिसरी वाट ओडानाकॅटिबची होती. ते पेशीला जिवंत ठेवून तिचं कोलॅजेन पचवणारं एन्झाइम, कॅथेप्सिन के, तेवढं बंद करायचं. फ्रॅक्चर कमी झाले, पण पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला आणि २०१६ मध्ये मर्कने ते सोडून दिलं.

---

कांडवेल

सगळ्यांचे आभार, इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. पेशीविरहित वेल लावली: अर्क आणि एमटीटी, चार तासांत जांभळी! ९० टक्के खोडले.

आता मज्जेतल्या पेशी करायच्या आहेत. प्राणी-नीतिसमितीची मंजुरी आहे. नेमक्या पायऱ्या आणि एम-सीएसएफचा खर्च कसा आटोक्यात ठेवावा? आणि ऑस्टिओक्लास्टनी कुरतडलेले खड्डे मोजायला हाडाच्या चकत्या कुठून आणायच्या? हस्तिदंताच्या चकत्या सगळीकडे लिहिलेल्या दिसतात.

---

पिपेटमास्तर

६ ते ८ आठवड्यांचा उंदीर, दोन मांडीची आणि दोन नडगीची हाडं. टोकं कापून २५ किंवा २६ गेजच्या सुईने थंड अल्फा-एमईएमचा झोत मारा, हाड पांढरं फट्ट होईपर्यंत. लाल पेशी फोडून धुऊन घ्या, एका उंदरातून साधारण ३ ते ५ कोटी पेशी मिळतात. रात्रभर एम-सीएसएफ १० नॅनोग्रॅमबरोबर ठेवा. दुसऱ्या दिवशी *न चिकटलेल्या* पेशी उचला, चिकटलेल्या सोडा. चिकटलेल्यांत स्ट्रोमाच्या (मज्जेला आधार देणाऱ्या) पेशी असतात आणि त्या स्वतःच रँकल आणि ओपीजी बनवून घोळ घालतात. 'अर्क थेट पूर्वज पेशींवर काम करतो' असं म्हणायचं तर ही पायरी गाळून चालणार नाही.

उचललेल्या पेशी ३० नॅनोग्रॅम एम-सीएसएफमध्ये तीन दिवस वाढवा. मग सोडवताना ट्रिप्सिनचा नाद नको, त्या घोरपडीसारख्या चिकटतात. थंड पीबीएसमध्ये ५ मिलिमोलर ईडीटीए, ४ अंशांना १० मिनिटं, मग हलकं खरवडणं. ९६ वेलच्या प्लेटमध्ये दर वेलला १०, २० आणि ४० हजार लावून बघा. एम-सीएसएफ ३०, रँकल ५० ते १००, मीडिया २०० मायक्रोलिटर. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी अर्धा मीडिया बदला, चौथ्या-पाचव्या दिवशी निकाल.

खर्चाचा हिशोब: ५० नॅनोग्रॅम प्रति मिलीने २०० मायक्रोलिटरला १० नॅनोग्रॅम रँकल. सगळा मीडिया एकदा बदलला असं धरलं तरी वेलला २०, पूर्ण प्लेटला सुमारे २ मायक्रोग्रॅम. १० मायक्रोग्रॅमच्या कुपीत पाच प्लेटा. ६ वेलच्या प्लेटमध्ये उड्या मारू नका, तिथे एका वेलला एका वेळी १०० नॅनोग्रॅम जातात. पेशी वाढवण्याच्या टप्प्यात विकतच्या एम-सीएसएफऐवजी एल-९२९ पेशींचा (या एम-सीएसएफ बाहेर सोडतात) आठवडाभर जुना, ०.२२ मायक्रॉनने गाळलेला मीडिया १० ते ३० टक्के वापरता येतो. पण त्यात एम-सीएसएफशिवाय इतरही बरंच काही असतं, म्हणून रँकलच्या टप्प्यात शुद्ध प्रथिनच घ्या. पुढे मानवी पेशींवर जायचं असेल तर मानवी एम-सीएसएफ घ्या. ते उंदराच्याही पेशींना चालतं, उंदराचं मानवी पेशींना चालत नाही.

अर्क घालायची वेळ फोडा: ० ते २४, २४ ते ४८, ४८ ते ७२, ७२ ते ९६ तास, प्रत्येक वेळी दोनदा धुऊन. फक्त पहिल्या दिवशी परिणाम दिसला तर सी-फॉस, एनएफएटीसी१ (ऑस्टिओक्लास्टची जनुकं चालू करणारी प्रथिनं) बघा. शेवटच्या दोन दिवसांत दिसला तर एकत्र येण्याकडे, त्यासाठी लागणाऱ्या डीसी-स्टँप या प्रथिनाकडे. तयार झालेल्या पेशी बारा तासांत मरत असतील तर तो जगण्या-मरण्याचा प्रश्न, वेगळा प्रयोग. एका ओळीत ओपीजी भरपूर घाला. तिथेही ऑस्टिओक्लास्ट दिसले तर मोजणीत गडबड आहे.

---

रंगारी

हस्तिदंत विसरा, वन्यजीव कायद्याच्या भानगडीत कुठे पडता. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी असल्याने परदेशी पद्धतींतलं गाई-बैलाचं हाडही नको. म्हशीचं मांडीचं हाड परवानाधारक खाटकाकडे मिळतं, त्याचा मधला जाड भाग घ्या. चरबी, मांस काढून, कमी वेगाच्या डायमंड सॉवर पाणी सोडत २५० ते ३०० मायक्रॉनच्या चकत्या कापा. गोल पाडताना तडकल्या तर ४ मिलिमीटरचे चौकोन करा, काही बिघडत नाही. वरची बाजू पेन्सिलीने नंबर घालून ओळखा. अल्ट्रासॉनिकमध्ये पाणी बदलत स्वच्छ करा, ७० टक्के अल्कोहोल, यूव्ही, मग रात्रभर मीडियात.

पेशी चकतीवर रात्रभर बसल्या की चकती नव्या वेलमध्ये हलवा, नाहीतर तळाच्या प्लास्टिकवरच्या पेशी मीडिया खातात. आणि इथे पीएच उलटा लागतो: पेशी बनायला ७.४, पण *खायला* आम्ल. टिम आर्नेट यांनी १९८० च्या दशकातच दाखवलंय की ७.४ ला ऑस्टिओक्लास्ट जवळजवळ हात बांधून बसतात आणि ७ च्या जवळ जोरात कुरतडतात. म्हणून ऑस्टिओक्लास्ट दिसू लागल्यावर शेवटचे एक-दोन दिवस मीडियात १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घाला, पीएच ७.० च्या आसपास येईल. मोजून खात्री करा, कारण तुमचा अर्क स्वतःच आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी असेल तर खड्ड्यांचा फरक तिथूनच येतो.

शेवटी आधी ट्रॅप करून पेशी मोजा. मग ०.२५ मोलर अमोनियम हायड्रॉक्साइडमध्ये अल्ट्रासॉनिक देऊन पेशी काढा, १ टक्का टोलुइडिन ब्लू १ टक्का बोरॅक्समध्ये, दोन मिनिटं. खड्डे गडद निळे दिसतात. दर ऑस्टिओक्लास्टमागे किती खड्डा, हा आकडा काढा. विकतच्या कॅल्शियम फॉस्फेटच्या लेपावर फक्त आम्लाने खनिज विरघळलेलं कळतं, कोलॅजेन पचलं का ते नाही. ते हवं असेल तर खऱ्या हाडावरच्या मीडियातून सीटीएक्सची (कोलॅजेनच्या तुकड्यांची) एलायझा चाचणी करा. आणि पहिल्या खेपेला अर्क अजिबात न घालता तीन प्लेटा लावा. तिन्हींत कंट्रोलचे आकडे जवळपास आले की मग बाटली उघडा.